मूळ टिपणाबरहुकूम

कचेरीत त्याला सगळे इस्त्री म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच पडून राहिलं. सभागृहातली माननीय मंडळी भाषणं चुरगळून, घामेजून फेकून द्यायची आणि हा तिसऱ्या मजल्यावर बसून त्यांच्या कडक घड्या घालून द्यायचा, म्हणून इस्त्री. त्याला नावाचा राग नव्हता. उलट कुणी चारचौघांत हाक मारली की तो हळूच शर्टाची कॉलर नीट करायचा.

काम प्रतिवेदकाचं. सभागृहाच्या मधोमध, अध्यक्षांच्या आसनाखाली एक लांबट टेबल होतं. तिथं बसून दहा मिनिटं लघुलिपीत सगळं टिपायचं. दहा मिनिटं झाली की दुसरा येऊन बसायचा आणि पहिल्याने वही घेऊन वर जायचं, टंकलेखन करायचं, खाली ‘मूळ टिपणाबरहुकूम’ असं लिहून सही ठोकायची. मग ती प्रत बोलणाऱ्या सदस्याकडे जायची. त्याने भाषेच्या चुका सुधारल्या, सही केली, की छपाई. एकदा का सदस्याची सही झाली, की अध्यक्षांच्या लेखी परवानगीशिवाय त्यातला काना-मात्रा हलत नसे. राज्य कसं चाललं होतं हे पन्नास वर्षांनी कुणाला बघायचं झालं, तर ते याच कागदांतून बघायचं होतं. बघणाऱ्याला वाटणार की फार सभ्य माणसं होती बुवा.

नव्या लोकांना शिकवायचं कामही त्याच्याकडेच होतं. “मंत्र्याला ‘मी’ नसतो,” तो पहिल्याच दिवशी सांगायचा. “मंत्री ‘मी’ म्हणाला की आपण ‘शासन’ लिहायचं. तो थापा मारतोय असं वाटलं तर ‘अशी माहिती प्राप्त झाली आहे.’ आणि शिव्या दिल्याच तर ‘तीव्र नापसंती व्यक्त केली.’ कळलं का? आपण खोटं लिहीत नाही. आपण नीट लिहितो.” शिकणारे हसायचे आणि पाठ करायचे. त्यांतली एक चष्मेवाली तर इतकी तयार झाली होती की तिची प्रत कुठली आणि त्याची कुठली, हे मुख्य प्रतिवेदकांनाही ओळखता येत नसे. ती आता चाळिशीला आली होती, तरी त्याला भेटली की अजून उठून उभी राहायची.

एकतीस वर्षं हे असं बिनघोर चाललं. मग त्याचा मेहुणा गेला.

मेहुणा, म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा, बेकरीची गाडी चालवायचा. पहाटे ट्रे भरून निघायचा आणि लोक उठायच्या आत दुकानादुकानांत पाव पोचवायचा. एका पहाटे जुन्या रस्त्यावरच्या नाल्याचा छोटा पूल डाव्या अंगाने खचलेला होता. तिथं ना फळी, ना फलक, ना साधा चुना मारलेला दगड. गाडी ट्रेसकट खाली गेली. उजाडल्यावर लोक जमले तेव्हा नाल्याच्या पाण्यावर पाव तरंगत होते, एवढंच बहिणीला कुणीतरी सांगितलं आणि तेवढं तिच्या मनातून काही केल्या जाईना.

रस्ते खात्याने हात झटकले. पूल त्याच रात्री अचानक खचला, आधी कसलीही कल्पना नव्हती, चालक भरधाव होता. भरधाव! बहिणीने तो कागद वाचला तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“अरे दादा, गाडीत पाव असताना ते चाळीसच्या वर कधी गेलेच नाहीत. पाव दबले की दुकानदार परत करायचे. बारा वर्षांत एक ट्रे परत आला नाही त्यांचा. आणि हे म्हणतात भरधाव!”

तिच्या मुलीला शाळेत एका पोरीने विचारलं होतं, तुझे बाबा रेसिंग करायचे का गं? मुलीने घरी येऊन ते आईला जसंच्या तसं सांगितलं आणि मग दोन दिवस शाळेत गेली नाही. नुकसानभरपाई मिळाली असती तर बहिणीला हवीच होती, औषधाच्या दुकानातल्या पगारावर घर ओढणं सोपं नव्हतं. पण तिने दावा ठोकला तो त्या एका शब्दासाठी. नवऱ्याच्या नावापुढून तिला तो शब्द पुसून हवा होता.

वकीलबाई चांगल्या होत्या, पण स्पष्ट होत्या. “खात्याला आधी माहीत होतं, असा एक कागद आणा. एकच. बाकी मी बघते.” पलीकडच्या वस्तीने पुलाबद्दल अर्ज दिला होता म्हणे, पण देताना पोच मागायचं कुणाला सुचलं नव्हतं. खातं म्हणायचं, असा अर्जच आला नाही. सुनावणी तीन आठवड्यांवर आली आणि कागद काही मिळेना.

आणि मग रस्ता-कर वाढवायचं विधेयक आलं.

त्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. विरोधी बाकांवरून मास्तर बोलायला उठले. पूर्वी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून मास्तर. बोलायचेही फळ्यावर लिहिल्यासारखं.

“गाडी घेतली की कर. तेल भरलं की कर. नाक्यावर थांबलं की कर. आता म्हणे रस्त्याचा वेगळा कर! अहो, रस्ता दाखवा ना. गेल्या वर्षीचा सगळा पैसा कुठे गेला? टेकडीवर जाणाऱ्या आठपदरी रस्त्याला. तिथे राहतं कोण? सतरा बंगले आहेत. त्यातला एक कोणाचा, हे मी सांगत नाही. खाली मात्र पाव वाटणारा माणूस नाल्यात पडून मेला.”

इस्त्रीची पाळी त्याच वेळी सुरू झाली होती. ‘पाव वाटणारा माणूस’ हे त्याने लिहिलं. दोन आडव्या रेघा आणि एक आकडी. इतकी वर्षं त्याने हातांना शिकवलं होतं की कानातून आलेलं थेट पेन्सिलीत जाऊ द्यायचं, मधे डोक्याला विचारायचं नाही. अर्थ लागला की हात अडखळतो.

रस्तेमंत्री उत्तराला उठले. सुरुवात बरी केली त्यांनी. रस्ते काही झाडाला लागत नाहीत, म्हणाले. कर नको म्हणणारे सगळ्यांत आधी रस्ता मागायला येतात, म्हणाले. आणि टेकडीच्या रस्त्याने कारखाने येणार, कारखान्यांनी नोकऱ्या येणार, त्याचा हिशोब मास्तरांच्या गणितात बसत नाही, असंही म्हणाले. त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. पण मास्तर मधेच ओरडले, “त्या पाववाल्याच्या पोरीला सांगा नोकऱ्यांचं!” आणि दोन्हीकडची बाकं उठली. आरडाओरडा सुरू झाला. अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे सगळे माईक बंद करायला लावले. वरच्या सज्जात बसलेल्या बातमीदारांनी पेनं खाली ठेवली आणि मोबाइल काढले.

मंत्र्यांच्या जिभेला हाड नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते जागा सोडून पुढे आले, प्रतिवेदकांच्या टेबलावर दोन्ही हात टेकले आणि मास्तरांकडे बघत किंचाळले. इस्त्रीच्या वहीपासून त्यांची अंगठी वीतभर अंतरावर होती.

“हो, होतं माहीत! तो पूल खचतोय हे मला चार महिने आधी माहीत होतं. कागद माझ्या टेबलावर होता. मीच बाजूला ठेवला. पैसे होते, ते मी टेकडीला दिले, मी! आणि तेव्हा तुमच्याच लोकांनी बाकं वाजवली होती. आता मेलेल्या पाववाल्याच्या नावाने गळा काढता?”

मास्तरांपर्यंत ते पोचलं नाही, कारण मास्तर स्वतःच ओरडत होते. ते पोचलं फक्त वहीपर्यंत. इस्त्रीच्या डोक्याला या वेळी अर्थ लागला, पण हात अडखळला नाही. शेवटचा शब्द टिपून झाला. पाळी संपली. तो उठला, वही छातीशी धरली आणि जिन्यात पोचल्यावर बहिणीला फोन लावला.

“चिमे, सापडलं.”

“काय सापडलं?”

“कागद. त्यांना माहीत होतं. स्वतःच्या तोंडाने बोलले आत्ता, आणि मी लिहून घेतलंय. उद्या संध्याकाळी छापून येईल.”

तिकडे ती रडायला लागली आणि मागून कुणी गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागत असल्याचं त्याला ऐकू आलं. तो धावतच तिसऱ्या मजल्यावर गेला.

टंकायला बसला तेव्हा डोक्यात नुसता कल्लोळ होता. सुनावणीत वकीलबाई हे वाचून दाखवतील, खात्याचा वकील तोंडात मारल्यासारखा बसेल, भाची शाळेत जाईल. मंत्र्यांची माणसं हे वाक्य काढायला नक्की येतील. येऊ देत! या वेळी तो नाही म्हणणार होता. काय काय बोलायचं ते मनात घोळवत होता. हात आपलं काम करत होते. त्या दहा मिनिटांची प्रत त्याने अर्ध्या तासात संपवली, इतक्या लवकर कधीच झाली नव्हती. खाली ‘मूळ टिपणाबरहुकूम’ टंकलं, झोकात सही केली, प्रत पाठवून दिली आणि वही स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंत्र्यांचा स्वीय सहायक आला. इस्त्री सकाळपासून त्याचीच वाट बघत होता. कपाटाची किल्ली खिशात होती आणि हाताचा तळवा किल्लीवर.

“काय बदलायचंय?” त्याने बसल्या जागेवरूनच विचारलं. आवाज मुद्दाम चढा ठेवला होता.

“काहीच नाही हो,” सहायक म्हणाला आणि प्रत टेबलावर ठेवली. मंत्र्यांची सही झाली होती. “काल साहेबांना रात्रभर झोप नव्हती. नको ते बोलून गेलो म्हणाले. आज प्रत वाचली आणि जिवात जीव आला त्यांच्या. म्हणाले, हा माणूस आहे तोवर मला चिंता नाही. चहा पाठवायला सांगितलाय तुम्हाला.”

सहायक गेल्यावर त्याने प्रत उचलली. चौथ्या पानावर, त्याच्याच टंकलेखनात, त्याच्याच समासात लिहिलं होतं:

‘राज्यातील लहान-मोठ्या पुलांच्या स्थितीबाबत शासन सजग असून, उपलब्ध निधीच्या मर्यादेत प्राधान्यक्रमानुसार उचित कार्यवाही करण्यात येत आहे. दुर्दैवी घटनेबद्दल शासन खेद व्यक्त करते.’

त्याने पान उलटलं, परत उलटलं. कपाट उघडून वही काढली. वहीत सगळं होतं. मला माहीत होतं, माझ्या टेबलावर, मीच, मी, मी. पाच ‘मी’ पाठोपाठ आले होते आणि पाचही त्याने उचलून फेकून दिले होते. कुणी दबाव आणला नव्हता. कुणी पाकीट पुढे केलं नव्हतं. तो मनातल्या मनात मंत्र्यांशी भांडत असताना त्याच्या हातांनी मंत्र्यांना वाचवलं होतं. चहा आला. तो तसाच गार झाला.

तो मुख्य प्रतिवेदकांकडे गेला. त्यांनी ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं.

“मंत्र्यांची सही झाली आहे. खाली तुझी सही आहे. अध्यक्षांना मी काय लिहून देऊ? की आमचा सगळ्यांत जुना माणूस टिपणात एक लिहितो आणि प्रतीत दुसरं? उद्या कुणी एकतीस वर्षांचं बाड उघडायला सांगितलं तर?”

“उघडू देत.”

“तुझी दोन वर्षं राहिलीत,” ते म्हणाले. “माझी चार. जा, घरी जा.”

संध्याकाळी छापील प्रत घेऊन तो बहिणीकडे गेला. ती दाराशीच उभी होती, हात पुसून, चष्मा लावून. तिने ते पान खाटेवर बसून वाचलं, बोट ठेवून ठेवून. मग मागचं पान वाचलं, पुढचं वाचलं.

“कुठे आहे रे?”

त्याने बोट दाखवलं. तिने पुन्हा वाचलं. तिला कळायला वेळ लागला आणि तो वेळ त्याला उभ्याने काढावा लागला.

“हे असं बोलले ते? तू तर म्हणालास...”

“बोलले ते वेगळं होतं. नंतर... वर गेल्यावर बदललं ते.”

वर म्हणजे तिसऱ्या मजल्यावर. खोटं नव्हतं ते, नीट केलेलं होतं. बहिणीने मंत्र्याला आणि त्याच्या सात पिढ्यांना जे काही म्हणायचं ते म्हणून घेतलं. मग तिने भावाचा हात धरला. “तू तरी काय करणार, दादा? मोठी माणसं ती. तू नको जिवाला लावून घेऊ.” त्याचाच हात ती थोपटत होती आणि त्याला तो झटकून टाकावासा वाटत होता. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

म्हणून सुनावणीच्या दिवशी तो वही घेऊन गेला.

खोली लहान होती. दावे ऐकणारे अधिकारी, दोन वकील, पाठीमागे चार खुर्च्या. त्या कार्यालयाकडे स्वतःचा प्रतिवेदक नव्हता, ते सभागृहातूनच माणूस मागवायचे. कोपऱ्यातल्या टेबलाशी चष्मेवाली बसली होती. त्याला बघून ती उठून उभी राहिली.

वकीलबाईंनी त्याला साक्षीला उभं केलं. त्याने वही उघडून वाचलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. मग खात्याचा वकील उठला आणि छापील प्रत पुढे केली.

“ही सही कोणाची?”

“माझी.”

“हे ‘मूळ टिपणाबरहुकूम’ कोणी लिहिलं?”

“मी.”

“मग मंत्र्यांच्या दबावाखाली तुम्ही मजकूर बदललात, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

इथं हो म्हटलं असतं तर सुटला असता. वकीलबाई मान हलवून तेच सुचवत होत्या. पाठीमागे बहीण बसली होती, तिला तर आधीच तसं वाटत होतं.

“नाही,” तो म्हणाला. “मला कुणी काही सांगितलं नाही. मी बदललं. मंत्री खरं बोलले होते, मी खोटं लिहिलं. माझा मेहुणा त्या पुलावरून खाली गेला हे माहीत असून मी लिहिलं. मला सवय आहे. एकतीस वर्षं मी हेच केलं.”

कोपऱ्यात पेन्सिलीचा आवाज सारखा चालू होता. बहिणीकडे बघायचं धाडस त्याला झालं नाही. बाहेर आल्यावर तिने रिक्षा थांबवली आणि एकटीच निघून गेली. पण त्याला बऱ्याच दिवसांनी मोकळा श्वास आल्यासारखं वाटलं. नोकरी जाईल तर जाईल. तोंडातून निघालं होतं आणि लिहूनही घेतलं गेलं होतं.

निकाल महिन्याने लागला. बहीण स्वतः घेऊन आली. त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच त्याच्या घरी येत होती. तिने पाणीसुद्धा मागितलं नाही, कागद त्याच्यापुढे धरला. दावा फेटाळला होता. सही झालेल्या छापील प्रतीपुढे टिपणवही ग्राह्य धरता येत नाही, त्यामुळे खात्याला पूर्वकल्पना असल्याचा पुरावा नाही, चालक भरधाव होता हे खात्याचं म्हणणं खोडता आलेलं नाही. सोबत साक्षीची प्रत जोडली होती.

“वाच,” ती म्हणाली.

त्याने वाचलं. ‘साक्षीदाराने असे नमूद केले की, सदर प्रतीमध्ये प्रचलित कार्यपद्धतीनुसार आवश्यक त्या भाषिक सुधारणा करण्यात आल्या. त्या कोणाच्याही दबावाखाली करण्यात आलेल्या नाहीत. साक्षीदाराने मृताशी असलेले आपले नाते विचारात घेऊन खेद व्यक्त केला.’

“तू असं बोलला नव्हतास,” बहीण म्हणाली. “मी मागेच बसले होते ना. तू ‘मी’ म्हणालास. ते ऐकून मी आठ दिवस जेवले नाही, शिव्या घातल्या तुला. मग वाटलं, निदान माझा भाऊ एकदा तरी खरं बोलला, आणि ते कागदावर आलं असेल. कुठे आहे ते?”

खाली लिहिलं होतं, मूळ टिपणाबरहुकूम. सही चष्मेवालीची होती.

त्याने तिला फोन लावला. पहिल्याच घंटीला तिने उचलला.

“सर! मीच करणार होते तुम्हाला. तुम्ही त्या दिवशी फार भावनेच्या भरात बोललात हो. तसंच्या तसं गेलं असतं तर तुमची पेन्शन गेली असती. नीट करून घेतलं मी सगळं, अगदी तुमच्या पद्धतीने. एक ‘मी’ ठेवला नाही. सुनावणीच्या साहेबांनी वाचून सही केली लगेच.” ती थांबली. “बरं झालं ना, सर?”

त्याने फोन ठेवला.

“काय म्हणाली?” बहिणीने विचारलं. “पैसे खाल्ले का तिने? कुणी सांगितलं तिला?”

“कुणी नाही,” तो म्हणाला. “मी शिकवलं तिला. मी शिकवलं, चिमे.”

बहिणीने तो कागद घेतला, पर्समध्ये घातला आणि उठली. तो आत्ता जे बोलला ते फक्त तिने ऐकलं होतं, आणि लिहून घ्यायला तिथं कुणी नव्हतं.